आठापैकी नऊ

५ फेब्रुवारी

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते आधी टेबलावर उपडं ठेवलं असशील. मग चहा केला असशील, बाहेर जाऊन पावसाचं माप बघून आला असशील, आणि आता आणखी काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून फोडलं असशील. फोनच केला असता, पण फोनवर तू मला तापमान सांगतोस, वाऱ्याची दिशा सांगतोस आणि ठेवून देतोस. हवामान काय, मला रेडिओवरही कळतं.

मी मजेत आहे. सध्या एक भलंमोठं आभाळ हातात आहे. नवीन नाटकातली सगळी माणसं समुद्राकाठी राहतात, पण दिग्दर्शकाला समुद्र दाखवायचा नाही. नुसतं आभाळ दाखवायचं आणि लोकांना पाण्याचा वास आला पाहिजे, म्हणे. म्हटलं, येईल. रंगशाळेच्या जमिनीवर पडदा अंथरलाय आणि मी लांब दांड्याचा ब्रश घेऊन अनवाणी त्यावर फिरते. दुपारी छताच्या काचेतून ऊन येतं तेव्हा ओला निळा रंग असा काही हलतो की मी पायाखाली बघत नाही. आपण ढगांच्या वरच्या बाजूला आलोय आणि खाली कुठेतरी घरं, रस्ते, आपली शाळा आहे, असं वाटत राहतं. तू असतास तर म्हणाला असतास, "बुटके, हा असला ढग पाऊस देत नाही." तू डोंगरावरच्या वेधशाळेत खरे ढग मोजणारा. आमचे ढग दोन तासांपुरते.

तुझा मेव्हणा बरा आहे. दिवे लावतो, दिवे काढतो, माझ्या आभाळावर कुठला रंग टाकायचा यावरून माझ्याशी भांडतो.

बरं, एक सहज विचारते. माझी एक मैत्रीण आहे. आपल्याच जातीची, म्हणजे आतड्याच्या दाहाची जुनी गिऱ्हाईक. तिलाही आपल्यासारखंच खाली भगंदर, कित्येक वर्षांचं. मधेच वाहतं, मधेच मिटतं. तिला डॉक्टरांनी सांगितलं की अशा जुन्या जागेकडे अधूनमधून नीट बघावं लागतं. आतली दुर्बीण वेगळी आणि ही तपासणी वेगळी. तुझ्याकडे शेवटचं कोणी बघितलं होतं? सहज विचारतेय. तुमच्या डोंगरावर डॉक्टर येतो का, की तो पण वाऱ्याबरोबर येतो?

तुझी
बुटकी


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. चार ओळी. त्यातल्या दोन धुक्याच्या. तिसरी, "दुर्बीण झाली होती, आतडं स्वच्छ आहे." आणि चौथी तू अशी लिहिली आहेस जशी कोणी शेजारच्या घराबद्दल लिहावी: "खालचं जुनंच आहे. हल्ली थोडं घट्ट झालंय, बसताना कडक लागतं. वय झालं."

ती चौथी ओळ मी जिन्यात उभी राहून वाचली आणि तिथेच पायरीवर बसले. बसले म्हणजे तुला माहीत आहे कशी, एका कुशीवर.

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. मैत्रीण वगैरे कोणी नाही. ती मीच.

आता सगळं सरळ सांगते. गेलं वर्षभर मला तिथे दुखत होतं. आपण तर दुखण्यात मुरलेली माणसं. आठवतंय ना, तू शाळेतल्या हवामानाच्या तक्त्यावरून आपलं माप काढलं होतंस? आकाशाचे आठ भाग करायचे आणि त्यातले किती झाकलेत ते सांगायचं. पाहुणे बसलेले असायचे, आई "मुलांचं पोट जरा नाजूक आहे" एवढं बोलून विषय बदलायची, आणि तू मला दारातून विचारायचास, "किती?" मी म्हणायची, "आठापैकी तीन." पाहुण्यांना वाटायचं, काय अभ्यासू मुलं आहेत. सहाच्या वर गेलं की तू माझ्यासाठी टबात कोमट पाणी काढायचास आणि बाथरूमच्या दाराबाहेर बसून मला ढगांची नावं सांगायचास. मी दहा वर्षांची होते. त्याच वर्षी माझी उंची थांबली आणि तू माझं नाव बुटकी ठेवलंस. दुसऱ्या कोणी ठेवलं असतं तर चावले असते.

तर मी वर्षभर मोजत राहिले. आज चार. आज पाच. ही आपली चूक, दादा, आणि ती आपल्यासारखीच माणसं करू शकतात. ज्याला कधी काही झालेलं नाही तो माणूस रक्ताचा एक थेंब बघून डॉक्टरकडे पळतो. आपण म्हणतो, अरे, हा तर ओळखीचा. दुखणं नवीन होतं, पण मी त्याला जुन्याच मापाने मोजलं. रात्री कूस बदलताना ठणका लागायचा, तसा आधी कधी लागत नव्हता. भगंदराच्या तोंडाशी काहीतरी कडक झालं होतं. वाहायचं ते वेगळं वाहायचं. आणि माझ्या हातात कागद होता: दुर्बीण केली, आतडं स्वच्छ. तुझ्या हातात आहे तसाच.

इथल्या सर्जनबाई रोखठोक आहेत. मी कागद पुढे केला तर म्हणाल्या, "हा आतला झाला. दाराचं काय? दुर्बीण ज्या दारातून गेली, ते दार कोणी बघितलंय का?" काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी म्हटलं, तिथे हात लावला तरी जीव जातो, म्हणून सगळे घाईने पुढे जातात. तर म्हणाल्या, "दुखतं म्हणून कोणी तपासत नाही आणि तपासत नाही म्हणून कळत नाही. आपण भूल देऊन बघू आणि तुकडा काढू."

भुलीत मला काय दिसलं सांगू? मी पडद्यावर चालत होते आणि पडदा संपत नव्हता. तू लांब, अगदी टोकाला, ते तुमचं तापमान मोजायचं पांढरं पेटीसारखं यंत्र उघडून आत बघत होतास. मी हाक मारली की तू बोट ओठांवर ठेवायचास. मला राग आला नाही. रंग ओला होता आणि माझ्या पावलांचे ठसे मागे राहत होते, ते पुसायची काळजी तेवढी वाटत होती. जाग आली तेव्हा नर्स माझे पाय पुसत होती. कसलं तरी औषध सांडलं होतं.

तुकड्यात कॅन्सर निघाला. गुदद्वाराचा. लिहिला बघ शब्द. आपल्या घरात तो कधी कोणी उच्चारला नाही आणि आता तो माझ्याच अक्षरात आहे. फार पसरलेला नाही. आधी रेडिएशन आणि औषधं, मग ऑपरेशन.

बाई म्हणाल्या की आपल्यासारख्यांतही हा दुर्मीळच. शंभर जणांना भगंदर असेल तर शंभरांनीही घाबरून झोप उडवून घ्यायची नाही. पण ज्यांचं दुखणं त्याच जागी वर्षानुवर्षं आहे, त्यांना धोका इतरांपेक्षा जास्त. आणि काही बदललं, घट्ट झालं, कडक लागलं, नव्या तऱ्हेने दुखलं, तर वयावर ढकलायचं नाही. त्यांनी "घट्ट" हाच शब्द वापरला होता. मग तुझं कार्ड आलं.

तूच एकदा सांगितलं होतंस की तुमच्या तक्त्यात आठाच्या पुढे नऊ असतो. धुक्यामुळे आकाश दिसतच नाही तेव्हा नऊ लिहायचा, आणि तिथे अंदाज करायचा नसतो. दादा, तुझं आत्ता नऊ आहे. खाली ये आणि दाखव.

बुटकी


१८ मार्च

दादा,

"तू बरी हो. माझं माझ्यापाशी राहू दे."

बरं. उत्तर आलं हे काय कमी आहे. पण मी आता आजारी माणूस आहे, आणि आजारी माणसाचं ऐकायचं असतं, असं तूच आईला ठणकावून सांगायचास. ऐक तर मग.

त्या संध्याकाळबद्दल आपण एकदाही बोललो नाही. मीच बोलते. माझा पहिला पडदा होता. पहाटेचं आभाळ, फार काही चांगलं नव्हतं, एका कोपऱ्यात गुलाबी रंग जास्त झाला होता. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. मधल्या वेळात दिवे लागले आणि सगळे उठले, तू उठला नाहीस. मी विंगेतून बघत होते. मला लगेच कळलं. तुझ्या चेहऱ्यावर ते जे हसू होतं ना, ते मला आपल्या घरातल्या आरशात रोज दिसायचं. दोन रांगा मागच्या बाईने नाकाला रुमाल लावला.

तुझा मेव्हणा, तेव्हा तो मेव्हणा नव्हता, नुसता दिवेवाला होता, वरच्या शिडीवरून उतरला, आपला लांब कोट काढून तुझ्या खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "चला, तुम्हाला मागची बाजू दाखवतो." तू गेलास त्याच्याबरोबर. पाणी, साबण, त्याची पॅंट. आणि दुसऱ्या अंकात मी बघितलं तर तिसऱ्या रांगेतली ती खुर्चीसुद्धा पुसून ठेवलेली होती, आणि तू नव्हतास. लग्नाला आला नाहीस. मग कुठेच आला नाहीस. डोंगरावरची नोकरी मागून घेतलीस, जिथे बाथरूम हाकेच्या अंतरावर आणि माणूस मैलांवर.

मी रागावले होते असं तुला वाटतं का? मला तुझी आठवण येते, एवढंच आहे. इतकी वर्षं एवढंच होतं.

काल तुझ्या मेव्हण्याला विचारलं, तुला आठवतं का ते? तो दिव्याची काच पुसत होता. म्हणाला, "आठवतं ना. आत जाता जाता मला म्हणाले, त्या गुलाबी कोपऱ्यावर दिवा कमी टाका, पहाट एवढी लाल नसते. बरोबर होतं त्यांचं. मी पुढच्या खेळापासून कमी केला."

आपण मोठे झालो ते अळीमिळी गुपचिळी खेळत. आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिचंही काही चुकलं नाही रे, तिला भीती होती की लोक आपल्या मुलांना हसतील. पण मूठ झाकून झाकून आत काय झालंय ते आपल्यालाच दिसेनासं झालं. मला लाज वाटत होती म्हणून मी वर्षभर उशिरा गेले. तेवढ्या एका वर्षाने ऑपरेशन मोठं झालं. तुझं वर्ष कधी सुरू झालं, मला सांगशील?

सोमवारपासून रेडिएशन.

बुटकी


२ मे

दादा,

तू लिहीत नाहीस. मी लिहिते. कोणीतरी धुक्यात दिवा लावून ठेवावा लागतो.

रेडिएशन संपलं. त्या खोलीत एकटंच ठेवतात. पालथं झोपवतात, हलू नका म्हणतात, आणि मग सगळे निघून जातात आणि जाड दार मिटतं. यंत्र अंगाभोवती सावकाश फिरतं. दुखत काहीच नाही, दुखणं नंतर येतं, घरी, आणि ते काय असतं ते तुला सांगायला नको. त्या टेबलावर मी रोज एक आभाळ रंगवलं. पहिल्या दिवशी कोरडं, उन्हाळी. नंतर पांढरे पिंजलेले. एक दिवस नुसतं राखाडी, त्याला काठच नव्हता, आणि मी त्यात इतकी लांब गेले की यंत्र चालवणारी मुलगी येऊन म्हणाली, "झालं, उठा," तेव्हा मला खरंच कळेना की उठायचं म्हणजे कुठल्या बाजूला.

कातडी भाजल्यासारखी झाली. टबात बसले की तुझा आवाज ऐकू येतो, दाराबाहेरून ढगांची नावं सांगणारा. तुझा मेव्हणाही सांगतो ती नावं, पण चुकीच्या क्रमाने.

एक दिवस मला फार भीती वाटली. मरायची नाही. म्हणजे ती पण, पण ती एवढी मोठी नाही. मला वाटलं, मी बरी होईन, आणि एक दिवस डोंगरावरून कोणा अनोळखी माणसाचा फोन येईल, आणि तो मला पाऊस किती पडला ते सांगणार नाही. त्या दिवशी मी दिवसभर रडले. तुला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही. खरं तर वाटावंच.

ये ना रे.

बुटकी


९ जुलै

दादा,

उद्या ऑपरेशन. बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. खालचं दार कायमचं बंद होणार, आणि पोटावर एक छोटंसं तोंड आणि त्याला पिशवी. चित्र फारच वाईट होतं, मी त्यांच्या हातातून पेन घेऊन दुरुस्त केलं. त्या हसल्या, म्हणाल्या, हेच आता पुढच्यांना दाखवते.

पिशवीची भीती वाटते का विचारशील. विचारत नाहीस, पण धरून चालते. आठवडाभर वाटली. मग विचार केला, दहाव्या वर्षापासून मी कुठल्याही खोलीत शिरले की आधी बाथरूमचं दार शोधते आणि मग माणसं. पुढे कदाचित आधी माणसं बघेन. बाई म्हणतात, दाह राहील, औषधं राहतील, जादू काही होणार नाही. पण खुर्चीवर दोन्ही बाजूंनी बसेन. चाळीस वर्षांची बाई, दोन्ही बाजूंनी बसायचं शिकणार.

समुद्राचं नाटक उघडलं. पहिल्या खेळाला मी मागे उभी होते. एक म्हातारे गृहस्थ मध्येच खोल श्वास घेऊन बायकोला म्हणाले, "खारट वारा सुटलाय." तुझ्या मेव्हण्याने फक्त एक पंखा लावला होता.

आता मी मागे लागणार नाही. पालथ्या घड्यावर पाणी किती ओतायचं. एवढंच लक्षात ठेव: तुझं काही निघालंच नाही तर मी तुला आयुष्यभर चिडवीन, आणि निघालं तर लवकर निघालेलं बरं. दोन्हीत तुझाच फायदा आहे. मला भूल देताना कोणाचं तरी नाव घ्यायला सांगतात, बोलत राहा म्हणतात. मी दादा दादा म्हणत जाणार आहे. तिथे तरी बोट ओठांवर ठेवू नकोस.

तुझी
बुटकी


१४ जुलै

बुटके,

तू झोपली आहेस. नळ्या चार आहेत, त्यातल्या दोन उद्या काढणार. मेव्हण्यांना घरी पाठवलंय, ते उभ्यानेच झोपत होते. मी तुझ्या खाटेशी आहे, एका कुशीवर. पत्र उशीखाली ठेवतो. समोर बसून मला बोलता येणार नाही.

तुझी पत्रं सगळी मिळाली. यंत्राच्या पेटीत ठेवली होती, तिथे दमट होत नाही.

बदली माणूस आला त्या दिवशी निघालो. बसमध्ये बसवेना, उभा राहून आलो. खाली उतरल्यावर हवा फार जड वाटली.

इथे पोचल्यावर आधी खालच्या काउंटरवर गेलो. रांग होती. तिथली बाई म्हणाली, काय होतंय? मी म्हटलं, पोट जरा नाजूक आहे. तिने मला पोटाच्या विभागाची चिठ्ठी दिली, दुसरा मजला. मी जिन्यापर्यंत गेलो. तिथे थांबलो. आई समोर उभी आहे असं वाटलं, पाहुण्यांच्या खोलीच्या दारात. मग परत येऊन रांगेत शेवटी उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा म्हटलं, "गुदद्वाराशी जुनं भगंदर आहे. आता तिथे घट्ट झालंय आणि कडक लागतं. माझ्या बहिणीला तिथेच कॅन्सर निघाला. मला तपासून घ्यायचंय."

आवाज फार मोठा निघाला. वर डोंगरावर वाऱ्यात ओरडूनच बोलावं लागतं, सवय राहिली आहे. सगळा हॉल वळून बघायला लागला. मला वाटलं, आता मी इथून पळणार. तेवढ्यात मागचा माणूस जवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "तुम्हाला किती वर्षं आहे? मलाही आहे. कोणत्या डॉक्टरना दाखवताय?" मी त्याला तुझ्या बाईंचं नाव सांगितलं. तो माझ्या पाठोपाठ वर आला.

बाईंनी तपासायला सुरुवात केली आणि थांबल्या. मला घाम फुटला होता. म्हणाल्या, असं नाही, भूल देऊन बघू आणि तुकडा काढू. काय असेल विचारलं. म्हणाल्या, आत्ता सांगता येत नाही, जागा मला आवडलेली नाही, पण तुम्ही आलात हे चांगलं केलंत. मला भीती वाटते, बुटके. लिहून बघितलं. लिहिता येतं.

बुधवारी सकाळी पहिला नंबर माझा आहे. फॉर्मवर विचारलं होतं, सोबत कोण असेल. मी "बहीण" लिहिलं. काउंटरवरच्या बाईने यादी बघितली आणि म्हणाली, अहो, त्या स्वतःच वरच्या वॉर्डात पेशंट आहेत, नुकतंच ऑपरेशन झालंय, त्यांना नीट उभं राहता येत नाही. मी म्हटलं, असू दे, मी उठेपर्यंत तिने दाराबाहेर थांबायचंय, एवढंच काम आहे.

तेव्हा बुधवारपर्यंत चालायला लाग.

दादा